घेणाऱ्याकडून कापा

पोरगा परदेशात आहे म्हटलं की लोक बापाच्या खिशाकडं बघतात. पैसा तिकडून इकडं येतो, असा आमच्या सोनईच्या बाजूला सगळ्यांचा पक्का समज. इकडून तिकडं जातो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि येऊ लागलं तर मीच येऊ देत नव्हतो.

माझा मुलगा आयर्लंडला शिकायला गेला. इंजिनिअर झाला, पुण्यात एका कंपनीत थोडं काम केलं, मग म्हणाला, आप्पा, मला पुढं शिकायचंय. मी म्हणालो, शीक. शेत होतं, कांदा होता, विहिरीला पाणी होतं, कुणापुढं हात पसरायची वेळ नव्हती. फी हप्त्यानं भरायची होती. जायच्या आधी त्यानं मला कॉलेजचा नियम समोर बसवून समजावला. ठरल्या तारखेपर्यंत हप्ता पूर्ण पोचला पाहिजे. एक युरो जरी कमी पडला तरी ते फी भरली असं धरत नाहीत, भरल्याचं पत्र देत नाहीत, आणि पत्राशिवाय तिथं राहायची मुदत वाढत नाही. म्हणजे बॅग उचलायची आणि घरी यायचं. खोलीचं भाडं आणि खाणंपिणं तो अभ्यास सांभाळून काम करून भागवणार होता.

"फीचं तेवढं सांभाळा, आप्पा," तो म्हणाला.

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो.

तो गेला आणि गावातली विचारपूस सुरू झाली. सकाळी डेअरीवर दूध घालून मी टपरीवर चहाला थांबतो. तिथं कुणीतरी विचारायचंच, "काय आप्पा, पाठवतोय का पोरगा काही?" तो शिकतोय, मीच पाठवतो, एवढं सांगायला काय लागतं? पण माझ्या तोंडातून गेलं, "पाठवतो की. चाललंय."

का गेलं ते सांगतो. इतक्या मोठ्या, नोकरी करून बसलेल्या पोराला बाप पैसे पाठवतो म्हटलं की आमच्याकडं लोक पाठ फिरताच हसतात. मला त्या हसण्याची भीती वाटली. मग एकदा बोललो ते बोललो, मागं कसं घेणार? मी शेतात ठिबकच्या नवीन नळ्या टाकल्या, तर त्याला लोक आयर्लंडची ठिबक म्हणायला लागले. घराला रंग दिला, तोही आयर्लंडचा. मी नुसता हसायचो. मला ते आवडायला लागलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू?

परदेशी पैसे पाठवायची सोय आमच्या गावातल्या शाखेत नव्हती, म्हणून मी नगरला जायचो. पहिल्या खेपेलाच माझं डोकं फिरलं. मोबाईलवर युरोचा भाव एक, बँकेचा दुसराच. मी काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, "हे आमच्या कांद्यासारखंच झालं की. पेपरात एक भाव, लिलावात निराळा." ती हसली. मग म्हणाली, पाठवायचे चार्जेस वेगळे, त्यावर कर वेगळा, आणि वाटेतल्या बँका त्यांचं कापतात ते आणखी वेगळं.

"वाटेतल्या म्हंजे?"

"पैसे इथून थेट कॉलेजला जात नाहीत, काका. मध्ये दुसऱ्या बँका असतात. त्या आपापले कापून पुढे पाठवतात."

आता माझं ऐका. माझी सगळी उमर बाजार समितीत कापून घेण्यात गेली. हमाली कापा, तोलाई कापा, दलालाची आडत कापा, आणि उरलेल्या पैशाची पट्टी घेऊन घरी जा. आडत शेतकऱ्याकडून घेऊ नका, माल घेणाऱ्याकडून घ्या, म्हणून आम्ही बाजार समितीच्या गेटवर ट्रॅक्टर आडवे लावले होते. घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांत मी पुढं होतो. शेवटी नियम तसा झाला, तेव्हा मला माझ्याच लग्नाची वरात निघाल्यासारखं वाटलं होतं. तर त्या मुलीनं विचारलं, "काका, चार्जेस कुणाकडे टाकू? पाठवणाऱ्याकडे की घेणाऱ्याकडे?" आणि माझ्या पोटातून उत्तर आलं.

"घेणाऱ्याकडून कापा!"

"पण मग तिकडे रक्कम कमी पोचेल, काका."

"पोचू द्या की. लाखांनी फी घेणारं कॉलेज, त्याला हे एवढं जड जातंय व्हय? आमी लई दिलं आजवर. आता घेणारा दील."

ती आणखी काहीतरी सांगायला लागली. मी म्हणालो, "ताई, मला बाजार नका शिकवू." माझ्या मागं उभा असलेला एकजण म्हणाला, बरोबर हाय काकांचं. झालं, मला तेवढंच हवं होतं. तिनं मान खाली घातली आणि मी सांगितलं तसं केलं.

एक युरो कमी पडला तरी चालत नाही, हे पोरानं सांगितलेलं माझ्या डोक्यात नव्हतं असं नाही. होतं. पण मी मनाशी धरलं की कापलेलं ते कापलेलं, ते कोण कमी धरतं? बाजारात पट्टीवर कपात असतेच, ती सगळ्यांना मान्य असते. तिकडचं कॉलेजही बाजार समितीसारखंच चालत असणार, अशी माझी अक्कल.

पैसे पोचले की मी फोन करायचो. "पोचले का रे?"

"पोचले, आप्पा."

"पूर्ण?"

थोडा वेळ तिकडून आवाज यायचा नाही. मला वाटायचं, रेंजचा घोळ. मग तो म्हणायचा, "हो. पूर्ण झालं."

मी मिशीवर हात फिरवायचो. बँकेच्या बापाला गंडवलं, असं मी बायकोला सांगायचो.

त्यात आणखी एक केलं. कांदा मी शेतातल्या कांदाचाळीत साठवून ठेवतो आणि भाव बघून थोडा थोडा काढतो, एकदम कधीच विकत नाही. पिकअप भरून माल गेला, पट्टी हातात आली, की दुसऱ्या दिवशी नगर गाठायचं आणि तेवढे पैसे पाठवून मोकळं व्हायचं. पैसा घरात राहिला की मी तो कुठंतरी घालवतो हे मला ठाऊक आहे. म्हणून एकेक हप्ता तुकड्यातुकड्यानं गेला. तुकडा लहान असो की मोठा, वाटेतल्या बँका त्यांचं तेवढंच कापतात, आणि दर वेळी कापतात, हे मला फार उशिरा कळलं. पोरानं एकदा म्हटलं होतं, "आप्पा, जमलं तर एकदमच पाठवाल का?" तेव्हा मी टपरीवर होतो, फोन स्पीकरवर होता आणि चार माणसं ऐकत होती. पाठवायचं कळलं तर पंचाईत, म्हणून मी आवाज चढवून म्हणालो, "बापाला शहानपन शिकवतो व्हय रं?" आणि फोन बंद केला. माणसं हसली. मीही हसलो.

मग गावचा हरिनाम सप्ताह आला. आमच्याकडं सप्त्यात रोज कुणीतरी गावाला पंगत देतं. त्याचं नाव माईकवरून पुकारतात, मंडपाच्या तोंडाला त्याचा फ्लेक्स लागतो. कमिटीची माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसली. "आप्पा, औंदा काल्याच्या आदल्या दिसाची पंगत तुमची. परदेशाची पंगत झाली पायजे!" मी हो म्हणालो. बायको आत चहा करत होती, तिनं भांडं जरा जोरात आपटलं.

आमटी, चपाती, मसालेभात आणि बुंदी. फ्लेक्सवर पोराचा फोटो, विमानतळावर निघताना काढलेला, अंगात नवा काळा कोट. खाली मोठ्या अक्षरात अन्नदाते. माईकवाला गरजला, "आजची पंगत आपल्या गावचे सुपुत्र यांच्याकडून, थेट आयर्लंडवरून!" गावातल्या पोरांनी सगळं मोबाईलवर लाईव्ह लावलं. मी बुंदीचं घमेलं घेऊन पंगतीतून फिरत होतो. "घ्या, घ्या, लाजू नका. पोरानं पाठवलंय." लोकांनी पोटभर खाल्लं. इतकी बुंदी उरली की दुसऱ्या दिवशी गायींना घातली.

त्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी बायकोनं त्याला व्हिडिओ कॉल लावला. ती रोज लावायची, आणि तो फोन तोंडाजवळ धरून नुसता चेहरा दाखवायचा. ती मला कितीदा म्हणाली होती, "अवो, पोरगं वाळलंय." मी म्हणायचो, "तिकडची थंडी. अंग धरत न्हाई तिथं." त्या दिवशी तिनं नेहमीचं विचारलं, "काय जेवलास रे?"

"गुरुद्वाऱ्यात जेवलो, आई. रविवारी जातो ना मी. डाळ, रोटी, खीर. पोटभर."

मी बाजूनं ओरडलो, "वा रं पठ्ठ्या! तिकडं तुझी पंगत, इकडं आमची!"

"बघितली, आप्पा. लाईव्ह बघितली." तो हसला. "बुंदी खूप होती."

मी खूश झालो. देवाशपथ, खूश झालो.

त्याच पंगतीत, हात धुताना, वरच्या आळीतले गुरुजी माझ्या शेजारी आले. शाळेतून रिटायर झालेले, त्यांची मुलगी त्याच वर्षी जर्मनीला शिकायला गेलेली. ते कुणापासून लपवत नव्हते. लेकीला पैसे पाठवतो, पेन्शन जाते सगळी, असं चारचौघांत सांगायचे. त्यांनी हळूच विचारलं, "काय बागाईतदार, तुमी पन पाठवताच की. मला कशाला बनवता? चार्जेसचं काय करता तेवढं सांगा." पकडलो गेलो, पण त्यांनी अक्कल विचारली म्हणून मला बरंही वाटलं. इकडंतिकडं बघून मी त्यांना गुरुमंत्र दिला. घेणाऱ्यावर टाका.

काही दिवसांनी गुरुजी स्कूटरवरून माझ्या दारात आले. मी गायी धूत होतो. स्टँडसुद्धा न लावता, पाय टेकवून, तिथूनच सुरू झाले.

"चांगला गंडा घातला की वो मला! लेकीच्या खोलीचं भाडं कमी पोचलं. घरमालकानं तिला दारात उभं करून विचारलं. तिचा लगेच फोन, आन् काय बोलली म्हनून सांगू! बाबा, कुनी सांगितलं तुमाला हे? कापलेले पैसे मी कुठून आनू? ऐकून घ्यावं लागलं मला."

"पन घेणारा तर घरमालक ना?" मी म्हणालो.

"अवो, त्याला त्याचे पुरे लागतात. कमी पडलं ते कोन भरनार? घेणारा म्हंजे आपलंच लेकरू की!" मग ते थांबले. "तुमचा पोरगा कदी काय बोलला न्हाई?"

"न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

हातातल्या नळीचं पाणी माझ्याच पायावर पडत होतं. मी मान हलवली. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा राग गेला. ते चहालाही न थांबता स्कूटर वळवून निघून गेले. त्यांनी आणखी शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं.

बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "दर ऐतवारी गुरुद्वारा. आन् मी मेली बायांना सांगत हुते, पोरगं देवाधर्माला लागलं." आणि ती उंबऱ्यावरच बसली.

मी फोन लावला. लाज वाटली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. "बोलला का न्हाईस? तोंड शिवलं हुतं का तुझं?"

"सोडा ना, आप्पा."

"सोडा काय? कमी पोचत हुते का न्हाई?"

"पोचत होते."

"मग?"

"पहिल्या वेळी सांगणारच होतो. पण तुम्ही फोन लावल्या लावल्या बँकेतल्या मुलीला कसं गप्प केलं ते सांगायला लागलात. इतके खूश होतात. म्हटलं, जाऊ दे, आपण भरून काढू. नंतर एकदा एकदम पाठवा म्हणालो, तर..." मला ती टपरी आठवली. "आणि वेगळे थोडे मागवले असते तर त्यातूनही तेवढेच कापले गेले असते. मग मागवून उपयोग काय?"

"भरलेस कुठनं?"

तो साध्या आवाजात म्हणाला, "रात्रीचं जेवण कमी केलं होतं. रविवारी गुरुद्वाऱ्यात असायचंच. तारीख चुकली असती तर यावं लागलं असतं ना परत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गावाला बुंदी वाढत होतो, त्याच्या नावानं, आणि तो परक्या देशात परक्यांच्या पंगतीला बसून ती बुंदी मोबाईलवर बघत होता. उरलेली आम्ही गायींना घातली. पण खरं सांगू, मला सगळ्यात जास्त झोंबलं ते दुसरंच. गुरुजींची मुलगी बापावर ओरडली, याचा मला हेवा वाटला. माझा पोरगा उपाशी राहिला पण माझ्यावर ओरडला नाही. ओरडायची सोयच मी ठेवली नव्हती.

सप्ताह होऊन गेला तरी फ्लेक्स चौकात तसाच होता. मी शिडी घेऊन गेलो आणि दोऱ्या कापायला लागलो. टपरीवरचे जमले. "काय आप्पा, काढता कशाला? असू द्या की, शोभा हाय गावाला."

मी शिडीवरूनच बोललो. खाली उतरून तोंडाकडं बघून बोलायची हिंमत नव्हती. "ती पंगत माझी हुती. पोरगा शिकतोय तिकडं. तो एक रुपया पाठवत न्हाई, मीच त्याला पाठवतो. मी आजवर तुमाला खोटं सांगत आलो."

एकजण हसला. "वर्गनी चुकवायची म्हनून व्हय, आप्पा? लई हुशार!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "भ्या नका, औंदा न्हाई मागत." मी सांगतोय ते कुणाला पटेना. इतके दिवस घासून पुसून चकचकीत केलेलं खोटं, ते काय एका वाक्यानं जातंय? मी फ्लेक्सची गुंडाळी केली, शिडी खांद्यावर घेतली आणि घरी आलो. फ्लेक्स चाऱ्याच्या गंजीवर टाकला, फोटोची बाजू खाली करून.

पोराला सांगितलं, फ्लेक्स काढला. वाटलं, त्याला बरं वाटेल.

"राहू द्यायचा ना, आप्पा," तो म्हणाला. "इथं गुरुद्वाऱ्यातही कधी कधी कुणाच्या तरी नावानं लंगर असतो. मी जेवायला बसायचो तेव्हा कुठं विचारलं, हे कुणाच्या बापानं दिलंय?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला टोमणा मारता येत नाही. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि गोठ्यात गेलो.

शेवटचा हप्ता राहिला होता. चाळीतला सगळा कांदा मी एकदम काढला. त्या दिवशी भाव पडलेला होता, पडू दे म्हटलं. नगरला गेलो, काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं विचारायच्या आधीच मी म्हणालो, "ताई, चार्जेस आमच्याकडून कापा. सगळे. वाटेतल्यांचेबी." तिनं एकदा वर बघितलं. मागच्या वेळचं काही बोलेल असं वाटलं, मी ऐकायला तयार होतो. ती फक्त म्हणाली, "बरं, काका."

पैसे पोचायच्या दिवशी मी आणि बायको दोघंही फोनपुढं बसलो. तिनं व्हिडिओ कॉल लावला. नेहमीसारखा नुसता चेहरा आला.

"पोचले का रे?"

"पोचले, आप्पा. पत्रसुद्धा देतील आता."

"पूर्ण?"

"हो. पूर्ण."

हाच शब्द. ह्याच आवाजात त्यानं तो मला दर वेळी दिला होता, आणि दर वेळी मी मिशीवर हात फिरवला होता. आता तो खरा की खोटा, मला ओळखता येईना. बापाला पोराचा शब्द ओळखता येऊ नये, ही पाळी मी माझ्या हातानं आणली. मी म्हणालो, "खरं सांग. शपथ घे." तो म्हणाला, "खरंच, आप्पा." तेही तसंच.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "बाळा, जरा फोन लांब ठेव. उभा राहा. सगळा दिसू दे मला."

"कशाला, आई?"

"ठेव म्हनते ना."

त्यानं फोन कशाला तरी टेकवला आणि मागं सरकून उभा राहिला. बाहेर कामावर निघायच्या तयारीत होता, अंगात तोच काळा कोट होता, फ्लेक्सवरचा. फोटोत कोट त्याच्या खांद्यावर ताठ बसला होता. आता तो खांद्यावरून खाली ओघळत होता, बाह्यांतून बोटांची नुसती टोकं दिसत होती, आणि आत आणखी एक माणूस मावला असता.

"दिसलो का?" तो हसून म्हणाला.

मी म्हणालो, "दिसलास."